राज्याचं पुस्तक जुनं, फेडरल पुस्तक नवं : अमेरिकेतल्या मराठी कारखानदार, फार्मसीवाले आणि लॅबवाल्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

प्लेटिंगची वर्कशॉप चालवणारे, रंगाच्या आणि छपाईच्या व्यवसायातले, गॅरेजवाले, फार्मसीवाले, दवाखाने आणि दाताचे दवाखाने असलेले डॉक्टर, छोट्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा सांभाळणारे अशा सगळ्या मराठी मंडळींना हे पत्र लिहितो आहे. गणेशोत्सवात आणि दिवाळीच्या कार्यक्रमांत आपण भेटतो, मुलांच्या कॉलेजबद्दल बोलतो, घरांच्या किमतींबद्दल बोलतो. दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलेल्या पिंपांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मी गेली वीसेक वर्षं त्या पिंपांचंच काम करतो. घातक कचऱ्याचे नियम वाचायचे, ते कारखानदाराला समजावून सांगायचे, त्याचे कागद नीट करून द्यायचे, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्या धंद्यात जे पाहिलं त्यातलं एक गाऱ्हाणं आणि एक विनंती घेऊन तुमच्याकडे आलो आहे.

विनंती आधी सांगतो. तुमचं राज्य जेव्हा घातक कचऱ्याचे नियम फेडरल नियमांशी जुळवून घ्यायला काढतं, तेव्हा ते हरकती आणि सूचना मागवतं. त्या वेळी कृपा करून लिहा. एक पान लिहा, पण लिहा. आणि लिहिताना नुसते कडक नियमच नव्हे, सवलतींची कलमंही राज्याने घ्यावीत असं सांगा.

हे का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

इथला घातक कचऱ्याचा मूळ कायदा १९७६ सालचा. त्याला सगळे आरसीआरए म्हणतात. तो आला तेव्हा लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स गावातलं लव्ह कॅनॉल प्रकरण उघडकीला आलं. एका रासायनिक कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात तिथल्या जुन्या, अर्धवट खणलेल्या कालव्यात वीस हजार टनांहून जास्त रसायनं पुरली, वर माती टाकली आणि ती जमीन एक डॉलरला तिथल्या शाळा मंडळाला दिली. त्यावर शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरं झाली. पंचवीस वर्षांनी तळघरांत काळा चिकट द्राव पाझरायला लागला. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली आणि लोकांना घरं सोडून जावं लागलं. आज आपण पिंपावर तारीख घालतो, ट्रकबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारा नोंदीचा कागद, पाठवतो, कचरा नक्की कुठे पोहोचला याची सही परत मिळवतो, त्या सगळ्याच्या मागे ती तळघरं आहेत. नव्या माणसाला शिकवताना मी सुरुवात नेहमी तिथूनच करतो.

आता कायदा फेडरल असला तरी अंमल बहुतेक राज्यांचा आहे. राज्याने फेडरल सरकारला दाखवून द्यायचं की आमचे नियम तुमच्याइतकेच कडक आहेत, मग ते राज्य 'अधिकृत' ठरतं आणि त्या राज्यात त्याचंच पुस्तक चालतं. अलास्का आणि आयोवा सोडून सगळी राज्यं अशी अधिकृत आहेत. त्या दोन ठिकाणी थेट फेडरल खातं, म्हणजे ईपीए, काम बघतं. व्यवस्था चांगली आहे. स्थानिक अधिकाऱ्याला स्थानिक उद्योग माहीत असतो, आणि राज्याला वाटलं तर ते फेडरल नियमापेक्षा कडक होऊ शकतं. कॅलिफोर्नियात वापरलेलं इंजिन ऑइलही घातक कचरा धरलं जातं. तिकडच्या गॅरेजवाल्या मंडळींना हे सांगायला नको.

घोळ होतो तो फेडरल पुस्तक बदलतं तेव्हा. १९८४ साली संसदेने याच कायद्यात मोठी दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीच्या आधाराने फेडरल खातं जो नियम काढतं, तो सगळ्या राज्यांत एकाच दिवशी लागू होतो. पण १९७६ च्या मूळ कायद्याच्या आधाराने नियम काढला, तर अधिकृत राज्यात तो त्या राज्याने स्वतः स्वीकारेपर्यंत लागूच होत नाही. त्यातही नियम आधीपेक्षा कडक असेल तर राज्याला तो ठरावीक मुदतीत घ्यावाच लागतो. सवलत देणारा असेल तर घेणं न घेणं राज्याच्या मर्जीवर. न्यू जर्सी, जिथे मी राहतो, आणि शेजारचं पेनसिल्व्हेनिया यांनी पुढचे फेडरल बदल आपोआप लागू होतील अशीच तरतूद करून ठेवली आहे. इतर बऱ्याच राज्यांत प्रत्येक बदल नव्याने मसुदा करून, हरकती मागवून, मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला कधी दोन वर्षं लागतात, कधी सहा, कधी त्याहून जास्त.

नोव्हेंबर २०१६ मध्ये फेडरल सरकारने कचरा निर्माण करणाऱ्यांसाठीचे नियम मुळापासून सुधारले. मे २०१७ पासून ते लागू झाले. कडक भाग राज्यांनी जुलै २०१८ पर्यंत घ्यायचा होता, आणि त्यासाठी विधिमंडळात कायदा बदलायची गरज असेल तर २०१९ पर्यंत. कित्येक राज्यांनी ही मुदत पाळली नाही. मुदत टळून किती तरी वर्षं गेल्यावरही जुनंच पुस्तक वापरणाऱ्या राज्यांत मी काम केलं आहे.

त्या सुधारणेत काय होतं, ते एका लेबलवरून सांगतो. पूर्वी पिंपावर 'घातक कचरा' एवढे दोन शब्द आणि तारीख असली की पुरत असे. नव्या नियमाप्रमाणे आत नेमका धोका काय आहे तेही लिहावं लागतं. पेट घेणारं, आम्लासारखं खाणारं, विषारी, की पाण्याशी किंवा हवेशी झटापट करणारं. चित्राचं चिन्ह लावलं तरी चालतं. कागदावर ही बारीकशी गोष्ट वाटते. एका गावच्या अग्निशमन दलातल्या माणसाने मला ती समजावली. रात्री अडीच वाजता धूर भरलेल्या गोदामात तो शिरला, हातातल्या दिव्याच्या उजेडात समोर आठ पिंपं, आठांवर तेच दोन शब्द. त्याला ठरवायचं होतं पाणी मारायचं की नाही. तो म्हणाला, "त्या दोन शब्दांतून मला एवढंच कळलं की मी घाबरायला हवं. कशाला, ते नाही कळलं." ज्या राज्यांनी हा नियम उशिरा घेतला, त्या राज्यांतले अग्निशमनवाले तेवढी वर्षं असेच आत शिरत होते.

ही झाली कडक बाजू. आता सवलतीची, जिच्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

तुमच्यापैकी बहुतेक जण महिन्याला २२० पौंडांपर्यंत, म्हणजे १०० किलोपर्यंत, घातक कचरा करत असतील. नियमाच्या भाषेत तुम्ही 'अत्यल्प' वर्गात. २२० ते २२०० पौंड म्हणजे छोटा वर्ग. त्याच्यावर मोठा वर्ग. मोठ्या वर्गात गेलं की सगळं बदलतं. कचरा ९० दिवसांत बाहेर काढायचा, आपत्कालीन योजना लेखी हवी, कामगारांचं दरवर्षी प्रशिक्षण आणि त्याची नोंद हवी, दर दोन वर्षांनी अहवाल हवा. मोठ्या कारखान्याला हे झेपतं, तिथे त्यासाठी वेगळा माणूस असतो. चार माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालकच सगळं असतो.

एका राज्यात, नाव घेत नाही, आपल्याकडचे एक गृहस्थ प्लेटिंगचं दुकान चालवतात. मूळचे इचलकरंजीकडचे, माझ्याहून वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि मग, जरा संकोचून, मागच्या कोपऱ्यात नेलं. पाच पिंपं होती, ५५ गॅलनची. आधीच्या मालकाने क्रोमची लाइन बंद केली तेव्हाचं जुनं क्रोमिक आम्ल. लेबलवरची शाई उडून गेलेली. एका पिंपाच्या झाकणाच्या कडेने नारिंगी खपली धरली होती, आणि खाली काँक्रीटवर बशीएवढा डाग, मध्ये गडद, कडेला पिवळा. दादा दर सोमवारी त्या डागाभोवती खडूने रेघ मारत. डाग रेघेबाहेर आला की कळावं म्हणून. मी मोजल्या तर खडूच्या तीन रेघा होत्या, एकात एक.

"काढून का टाकत नाही दादा?"

"काढायचं म्हटलं की कचरा होतो ना तो. पाच पिंपं म्हणजे बावीसशेच्या वर गेलो. एका महिन्यासाठी मी मोठ्या कंपनीच्या रांगेत. माझ्याकडे आहे का तेवढं सगळं? म्हणून 'केमिकल' म्हणून ठेवलंय."

एखाद्याने लबाडी करावी तसं हे नव्हतं. नियमाला भिऊन एक प्रामाणिक माणूस विष घरात सांभाळत बसला होता, आणि तो घाबरून चुकीची गोष्ट करत होता हे त्यालाही कळत होतं. नेमकं याच प्रसंगासाठी २०१६ च्या सुधारणेत एक कलम आहे. वर्षातून एकदा, नेहमीपेक्षा जास्त कचरा निघणार असेल, टाकी साफ करायची असेल, जुना माल काढायचा असेल, तर तीस दिवस आधी कळवायचं, ओळख क्रमांक घ्यायचा, पिंपांवर नीट लेबलं लावायची, साठ दिवसांत मॅनिफेस्टवर सगळं योग्य जागी पाठवायचं. एवढं केलं की तुमचा वर्ग बदलत नाही. अचानक काही सांडलं, फुटलं, तर बहात्तर तासांत कळवायचं, बाकी तेच.

मी दादांना हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. कागद भरून दिले. त्यांनी पिंपं काढली. आणि दोन महिन्यांनी नोटीस आली. ते कलम फेडरल पुस्तकात होतं. त्या राज्याने ते अजून घेतलं नव्हतं. माझ्या डोक्यात न्यू जर्सीची सवय होती, जिथे फेडरल बदल आपोआप येतो, आणि मी राज्याचं पुस्तक उघडून बघितलं नाही. इन्स्पेक्टर बाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते कलम मला माहीत आहे, पण ते आमच्या पुस्तकात नाही." त्यांच्या हिशेबाने दादा त्या महिन्यात मोठ्या वर्गातले होते, आणि त्यांच्याकडे ना आपत्कालीन योजना, ना प्रशिक्षणाच्या नोंदी. दादांनी दंड भरला. चूक माझी होती. मी तो भरायला तयार होतो, पण त्यांनी घेतला नाही. तो डाग अजून तिथे आहे, वर इपॉक्सीचा थर चढवलेला. मी गेलो की नजर आधी तिकडेच जाते.

म्हणूनच हे पत्र. दुसऱ्या दादांनी खडूच्या रेघा मारत बसू नये असं मला मनापासून वाटतं.

पुढे त्या राज्याने मसुदा काढला, तेव्हा जाहीर सुनावणीला मी मुद्दाम गेलो. खोलीत अठरा-वीस खुर्च्या होत्या. बोलायला चार जण आले. दोन मोठ्या उद्योगांच्या संघटनांचे वकील, एक पर्यावरणवादी संस्थेच्या कार्यकर्त्या, एक निवृत्त अग्निशमन अधिकारी. चौघेही चांगलं बोलले. एकही वर्कशॉपवाला नाही, एकही फार्मसीवाला नाही. सवलतीच्या कलमाबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही, कारण मोठ्या कंपन्या आधीच मोठ्या वर्गात आहेत, त्यांना त्याची गरज नाही. खात्याच्या माणसाने मला नंतर सांगितलं, "छोट्यांकडून काही आलंच नाही, म्हणून आम्हाला वाटलं त्यांना ते नको असेल." मी बोललो, पण मी सल्लागार. माझं बोलणं आणि ज्याच्या दुकानात पिंप आहे त्याचं बोलणं यांत फरक असतो, आणि तो अधिकाऱ्यांनाही कळतो.

फार्मसीवाल्यांसाठी आणि डॉक्टरांसाठी वेगळं लिहायलाच हवं, कारण आपली किती तरी मंडळी त्या व्यवसायात आहेत.

औषधांच्या घातक कचऱ्याचा फेडरल नियम २०१९ साली आला. त्यात दोन गोष्टी एकाच कागदावर होत्या. एक, घातक ठरलेली औषधं सिंकमध्ये किंवा संडासात ओतायला बंदी. ही बंदी १९८४ च्या दुरुस्तीखाली काढलेली, त्यामुळे २१ ऑगस्ट २०१९ या एकाच दिवशी ती सगळ्या राज्यांत लागू झाली. तुमचं दुकान कितीही लहान असो, अत्यल्प वर्गात असो, बंदी आहेच. घरातल्या औषधांना हा नियम लागत नाही, तो दुकानांना, दवाखान्यांना आणि इस्पितळांना आहे. दुसरी गोष्ट सवलतीची. सिगारेट सोडण्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे निकोटिनचे पॅच, गम आणि गोळ्या यांना अतितीव्र घातक कचऱ्याच्या यादीतून वगळलं. ही सवलत मात्र राज्याने घेतली तरच.

याचा अर्थ दुकानात काय होतो ते एका मित्राच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला फोनवर सांगितलं. त्यांच्या फार्मसीत मुदत संपलेल्या निकोटिन पॅचचा एक खोका होता. त्यांच्या राज्याने सवलत घेतलेली नव्हती. अतितीव्र कचऱ्याची मर्यादा महिन्याला फक्त एक किलो, म्हणजे २.२ पौंड. ती ओलांडली की दुकान थेट मोठ्या वर्गात. वहिनी विचारत होत्या, "भावजी, हेच पॅच मी काउंटरवर कुणालाही विकते, आणि फेकायचे म्हटले की मी मोठ्या कारखान्यासारखी?" त्या हिशेब ठेवणाऱ्या बाई, त्यांनी सगळं नीट केलं, पैसे खर्च केले. सगळ्यांकडे तेवढी चिकाटी नसते. आणि जिथे चिकाटी संपते, तिथे खोका गुपचूप साध्या कचऱ्याच्या पिशवीत जातो. मग त्याच पिशवीतून त्याच्याबरोबर आणखीही काही जातं, कारण एकदा सवय लागली की माणूस थांबत नाही.

एकच नियम, त्याची बंदी सगळीकडे त्याच दिवशी आणि त्याची सवलत राज्याराज्यांत तुकड्यातुकड्याने. छोट्या माणसाच्या पदरात ओझं आधी पडतं आणि हात मागाहून मिळतो, तोही मिळाला तर. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, कायद्याची घडणच तशी आहे. पण ती घडण माहीत असेल तर राज्याकडे वेळेवर मागणी तरी करता येते.

अशी आणखी उदाहरणं आहेत, ती भराभर सांगतो. स्प्रेचे डबे, रंगाचे, वंगणाचे, फेब्रुवारी २०२० पासून फेडरल नियमात 'युनिव्हर्सल वेस्ट' म्हणजे सोप्या पद्धतीने हाताळायच्या कचऱ्यात गेले, बॅटऱ्या आणि ट्यूबलाइटच्या रांगेत. राज्याने घेतलं असेल तर. एकाच मालकाच्या दोन प्रयोगशाळा, मध्ये एक नदी, नदीच्या अलीकडे स्प्रेचा डबा एका पिंपात आणि पलीकडे दुसऱ्या, असं मी पाहिलं आहे. दोन्हीकडे काम करणारा तरुण मुलगा रोज गोंधळायचा. शेवटी त्याने दोन रंगांच्या चिकटपट्ट्या आणल्या. तसंच, एकाच मालकाची अनेक अत्यल्प वर्गातली दुकानं असतील तर त्यांचा कचरा त्याच मालकाच्या मोठ्या वर्गातल्या जागी आणून एकत्र करायची मुभा आहे. तीसुद्धा राज्याने घेतली तरच.

उलट, मॅनिफेस्टची ऑनलाइन पद्धत ही वेगळ्या फेडरल कायद्याने, २०१२ च्या, आलेली. ती ३० जून २०१८ ला सगळ्या देशात एकदम सुरू झाली. जानेवारी २०२५ पासून छोट्या आणि मोठ्या वर्गातल्यांना तिथे खातं उघडणं बंधनकारक आहे, आणि कचरा जिथे पोहोचतो त्या जागेने सही केलेली प्रत टपालाने परत पाठवण्याची सक्ती गेली आहे. प्रत हवी तर खात्यात जाऊन बघायची. गेल्या काही महिन्यांत मला तीन जणांनी विचारलं, "सही केलेली प्रत आलीच नाही, कचरा नक्की पोहोचला ना?" पोहोचला होता. प्रत खात्यात पडून होती, खातंच उघडलेलं नव्हतं. हे तुमचं राज्य कोणतंही असो, लगेच तपासा. आणि छोट्या वर्गात असाल तर दर चार वर्षांनी १ सप्टेंबरच्या आत पुन्हा नोंदणी आहे. २०२१, २०२५, २०२९ असा तो क्रम आहे. काही राज्यं दरवर्षी मागतात, तेही बघा.

काही जण मला विचारतात, आणि बरोबर विचारतात, की राज्याने डोळे मिटून फेडरल पुस्तक का घ्यायचं? उद्या तिकडे नियम सैल केले तर? हा प्रश्न मलाही पडतो. आपोआप स्वीकारण्याच्या पद्धतीत तो धोका आहेच. न्यू जर्सीत राहून मी तिचे फायदे रोज अनुभवतो, तरी प्रत्येक राज्याने तसंच करावं असं मी म्हणणार नाही. राज्याला कडक राहायचा हक्क कायद्यानेच दिला आहे आणि जिथे लोकवस्ती दाट, पाणी उथळ, जुने कारखाने जास्त, तिथे तो वापरलाच पाहिजे. कॅलिफोर्नियाने कडक कलमं घेतली आणि सवलतींपैकी बरीच घेतली नाहीत, तो त्यांचा विचारपूर्वक निर्णय आहे. त्याच्याशी माझे मतभेद आहेत, पण तो निर्णय आहे. माझं भांडण निर्णय न घेण्याशी आहे. मसुदा टेबलावर वर्षानुवर्षं पडून राहतो, इन्स्पेक्टर जुन्या पुस्तकाने तपासतो, प्रशिक्षणाचं साहित्य नव्या पुस्तकाचं असतं, आणि मधल्या दरीत दादांसारखा माणूस पडतो. राज्याने हवं तर कलम नाकारावं, पण मुदतीत नाकारावं आणि कारण सांगावं.

खात्यांची बाजूही मी जवळून पाहिली आहे. माणसं कमी, पगार कमी, अनुभवी लोक निवृत्त होतात किंवा खासगी कंपन्यांत जातात. मसुदा लिहिणारा माणूस तोच तपासणीलाही जातो. त्यांच्यावर चिडून काही होणार नाही. त्यांना काम पुढे ढकलायला एखादं निमित्त लागतं, आणि लोकांकडून आलेली पत्रं हे चांगलं निमित्त असतं.

तुमच्यातले काही म्हणतील, हा माणूस इतका का पेटून बोलतोय. मी डोंबिवलीचा. एमआयडीसीपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. लहानपणी रात्री खिडकी लावली तरी वास यायचा आणि आई ओल्या टॉवेलने फट बंद करायची. २०१४ साली तिकडे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. मे २०१६ मधल्या स्फोटाच्या दिवशी मी इथून फोन लावत होतो आणि लागत नव्हता. तिथे नियमांचं पुस्तक साऱ्या देशाचं एकच आहे, राज्यांची वेगळी नाहीत. तिथलं दुखणं पुस्तक आणि जमीन यांच्यातल्या अंतराचं आहे. इथे ते एका पुस्तकाच्या आणि दुसऱ्या पुस्तकाच्या मध्ये आहे. वास मात्र मला दोन्हीकडे तोच येतो. दादांच्या कोपऱ्यात उभा राहिलो तेव्हा आला होता.

तर आता कामाचं. तुमच्या राज्याच्या पर्यावरण खात्याकडे ईमेलची यादी असते, नियमांचे मसुदे निघाले की कळवणारी. तिच्यात नाव घाला. मसुदा निघाला की सूचनांसाठी बहुतेक वेळा महिना-दीड महिना मिळतो. पत्रात फार पांडित्य नको. तुम्ही कोण, काय व्यवसाय, किती माणसं, महिन्याला साधारण किती कचरा, आणि कोणतं कलम असतं तर तुमचं काय सोपं झालं असतं, एवढं. मसुद्याचा क्रमांक वर घाला, नाहीतर पत्र फायलीत हरवतं. तुमच्या दुकानातली एखादी खरी गोष्ट लिहा. वहिनींनी लिहिलं होतं त्यात पॅचच्या खोक्याचं वजन होतं, चार पौंड तीन औंस. खात्याच्या उत्तरात ते वजन आलं होतं. कुणीतरी ते वाचलं होतं.

कडक कलमांच्या बाजूनेही लिहा. लेबलवर धोका लिहावा लागेल, पाच मिनिटं जास्त जातील, म्हणून कुरकुर करू नका. आपल्याला सवलत हवी असेल तर अग्निशमनवाल्याला त्याची पाच मिनिटं आपण द्यायलाच हवीत.

लिहायला अडत असेल तर मला सांगा. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जेवणानंतर एक टेबल धरून बसतो. येताना तुमच्या शेवटच्या मॅनिफेस्टची प्रत आणि पिंपांचा मोबाइलवर काढलेला एक फोटो घेऊन या. लेबल वाचता येईल असा.

आपला,
घातक कचऱ्याच्या नियमांचं काम करणारा एक डोंबिवलीकर
न्यू जर्सी